म्युनिकचं बजेट: मुलांची वयं आणि आठवड्याचे वार

म्युनिक हे जर्मनीतल्या सगळ्यात महागड्या शहरांपैकी एक. तरीही चार-पाच जणांच्या कुटुंबाला ते झेपतं, कारण तिथली बरीचशी तिकिटं माणशी नव्हे, कुटुंबाच्या हिशेबाने मिळतात. नियम मात्र दोन गोष्टींवर बेतलेले आहेत: मुलांची वयं आणि आठवड्याचे वार. म्हणून विमानाचे दर बघत बसण्याआधी एका कागदावर प्रवासाच्या तारखेला प्रत्येक मुलाला किती वर्षं पूर्ण झालेली असतील ते लिहून काढा.

सहा, बारा, पंधरा आणि अठरा या चार रेषा. सहाच्या आतल्या मुलाला शेंगेन व्हिसाची (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी नाही आणि रेल्वे-बसचं तिकीटही नाही. सहा पूर्ण ते बाराच्या आत व्हिसा फी ४५ युरो, पुढे मोठ्यांइतकीच म्हणजे ९०. चौदा वर्षांपर्यंत रेल्वे मुलाला मूल मानते. पंधरावं पूर्ण झालं की पूर्ण तिकीट. आणि अठराच्या आत बव्हेरिया (म्युनिक ज्यात येतं ते राज्य) सरकारचे राजवाडे आणि पिनाकोटेक ही चित्रसंग्रहालयं फुकट. घरात चौदा वर्षं अकरा महिन्यांचं कुणी असेल तर वाढदिवसाच्या आधी जाऊन येणं ही पहिली बचत. एक युरो शंभर रुपये धरला की तोंडी हिशेब सोपा जातो. दर त्याहून वरच असतो, म्हणून बेरजेत शेवटी दहा टक्के मिळवा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी व्हायलाच हवा. मे महिन्याचा बेत असेल तर मुंबई-पुण्याच्या व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रातली वेळ फेब्रुवारीतच धरा, एप्रिलमध्ये झुंबड असते. केंद्राची सेवा फी वेगळी पडते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. अर्ज अडतात ते बहुधा दोन ठिकाणी. एक, अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम. ती कुठून आली याचा कागद जोडा, नाहीतर ती उसनी आणून दाखवल्यासारखी दिसते. दुसरं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला जोडला की प्रश्न मिटतो. आई-बाबांपैकी एकच जण मुलांबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. हॉटेलं रद्द करता येतील अशीच धरा. व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणाऱ्या दराच्या मोहात पडू नका.

तारखा ठरवताना आपल्या शाळांची सुट्टी आणि तिकडचा मे महिना यांचा मेळ बरा बसतो. हवा दिवसाही गार-सुखद असते, पाऊस मात्र कधीही येतो. पण मे-जूनमध्ये ईस्टरवर अवलंबून असलेल्या तीन सुट्ट्या असतात. २०२७ मध्ये त्या ६, १७ आणि २७ मे रोजी आहेत, शिवाय १ मे आहेच. या दिवशी दुकानं रविवारसारखी कडकडीत बंद. पेंटेकॉस्टपासून (१७ मेची सुट्टी याच ख्रिस्ती सणाची) बव्हेरियाच्या शाळांनाही दोन आठवडे सुट्टी असते, तेव्हा पर्यटनाची ठिकाणं भरतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव. त्या काळात खोलीचा दर दुप्पट-तिप्पट होतो, बजेटवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नये. मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या आठवड्यातही तेच होतं. निवडलेल्या तारखांचा दर शेजारच्या आठवड्याच्या मानाने विचित्र वाटला तर प्रदर्शनांचं वेळापत्रक बघा.

मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. फ्रँकफर्टचं तिकीट स्वस्त दिसलं तर त्यात पुढच्या साडेतीन तासांच्या रेल्वेचा खर्च मिळवूनच तुलना करा. तिथल्या वेगवान आयसीई गाड्यांत सहा ते चौदा वयाची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, पण तिकीट काढतानाच त्यांची नोंद करावी लागते. गाडीत चढल्यावर सांगून चालत नाही. पूर्वी कुटुंबाला मिळून एकच स्वस्त आसन-आरक्षण मिळायचं, ते जून २०२५ पासून बंद झालं. आता प्रत्येक आसनाचे पैसे वेगळे.

राहायच्या जागेत दोन गोष्टी बघा: ती ‘एम’ झोनमध्ये आहे का आणि तिला स्वयंपाकघर आहे का. एम म्हणजे शहराचा मुख्य पट्टा. त्याच्या बाहेरची खोली १५ युरोंनी स्वस्त दिसते, पण रोजचं तिकीट महागतं आणि संध्याकाळी मुलांना घेऊन परतायला वेळ जातो. चौघांना एका खोलीत घेणारी हॉटेलं कमी. शोधताना मुलांची वयं खरी टाका, कारण दोघांच्या खोलीत चौघं काउंटरवर चालवून घेत नाहीत. युथ होस्टेल हा चांगला आणि आपल्याकडे दुर्लक्षित पर्याय. नावात युथ असलं तरी कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्या असतात, चादरी आणि नाश्ता दरातच येतो, फक्त सदस्यत्व घ्यावं लागतं. थालकिर्शनचं होस्टेल प्राणिसंग्रहालयाजवळ, यू-३ या मेट्रोच्या मार्गावर आहे. स्वयंपाकघर हवं तर सर्व्हिस अपार्टमेंट. घरगुती फ्लॅट वर्षाला आठ आठवड्यांहून जास्त पर्यटकांना देण्यावर शहराचे निर्बंध आहेत, त्यामुळे संशयास्पद स्वस्त फ्लॅटपासून लांब राहा. एक बरं, म्युनिकमध्ये रात्रीमागे वेगळा पर्यटक-कर नाही. बर्लिनला तो आहे.

आता शहरातलं तिकीट. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि इथेच लोक माणशी तिकिटं काढून बसतात. ‘ग्रुपेन-टागेसकार्टे’ म्हणजे गटाचं दिवसाचं तिकीट पाच मोठ्यांना चालतं, आणि सहा ते चौदा वयाची दोन मुलं मिळून एक मोठं माणूस धरतात. म्हणजे आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं असे सहा जण एकाच तिकिटावर. एम झोनचा दर २० युरोंच्या आसपास, साधारण दोघांच्या दिवसाच्या सुट्या तिकिटांइतका. एस-बान (उपनगरी रेल्वे), यू-बान (मेट्रो), ट्राम, बस सगळं त्यात येतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. कागदी तिकिटावर वेळ छापलेली नसेल तर फलाटावर जाण्याआधी निळ्या यंत्रात शिक्का मारायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. परदेशी असल्याची सबब तपासनीस ऐकत नाहीत. ॲपवर काढलेल्याला शिक्का लागत नाही.

विमानतळ झोन ५ मध्ये आहे, त्यामुळे उतरल्याच्या दिवशी गटाचंच, पण ‘एअरपोर्ट-सिटी-डे’ तिकीट घ्या. सकाळी उतरलात तर दिवसभर तेच चालेल. शहरात पोचायला एस-१ किंवा एस-८ ने पाऊण तास.

सगळीकडे ‘डॉइचलंड-टिकिट घ्या’ असा सल्ला मिळतो, म्हणजे देशभरच्या साध्या गाड्या आणि शहरी बस-रेल्वेत चालणारं महिन्याचं तिकीट. २०२६ मध्ये ते महिन्याला ६३ युरो आहे आणि सहाच्या वरच्या प्रत्येकाला स्वतःचं हवं. चौघांचे २५२ होतात. आठवड्याच्या सहलीला ते सहसा वसूल होत नाही. मात्र दोन्ही मुलं सहाच्या आतली असतील तर गणित उलटतं: १२६ युरोंत विमानतळ, शहर आणि आसपासच्या सहली सगळ्या आल्या. फक्त ते १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं असतं, म्हणजे २८ मे ते ३ जूनच्या सहलीला दोन महिन्यांचं भरावं लागेल. आणि ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढचा महिना कापला जातो.

शहराबाहेरच्या दिवसासाठी बायर्न-टिकिट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट. पहिल्या माणसाचं मूळ भाडं, पुढच्या प्रत्येकाचे सुमारे १० युरो, असं पाचांपर्यंत. आई-बाबांबरोबरची चौदापर्यंतची मुलं फुकट. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहिणं आवश्यक. ते फक्त साध्या गाड्यांत चालतं, म्हणजे आरई, आरबी, एस-बान. आयसीई, आयसी आणि ईसीत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. त्या मे महिन्यातल्या गुरुवारच्या सुट्ट्या इथे कामाला येतात: दुकानं बंदच असतात, तेव्हा पहाटेची गाडी धरून बाहेर पडावं. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही हेच तिकीट चालतं. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा.

नॉयश्वानस्टाइनच्या डोंगरावरच्या राजवाड्याला जायचं तर म्युनिक ते फ्युसन रेल्वेने दोन तास, तिथून बस. साध्या वारी नऊनंतरची पहिली गाडी धरलीत तरी बसमधून उतरेपर्यंत बारा वाजतात, वर चढायला आणखी अर्धा-पाऊण तास. म्हणून आतल्या दर्शनाची वेळ दोननंतरचीच घ्या. दिलेली मिनिटं चुकली की तिकीट वाया. अठराच्या आतल्यांना प्रवेश फुकट असला तरी ऑनलाइन नोंदणीचं शुल्क पडतं. खरं सांगायचं तर आतली फेरी अर्ध्या तासाची, घाईची आणि फोटो न काढू देणारी आहे. समोरच्या मारिएनब्र्युके पुलावरून दिसणारा राजवाडा फुकट आहे, आणि पोस्टरवर असतो तोही तोच.

शहरातला रविवार वाया जाईल असं वाटतं, पण पिनाकोटेक आणि ब्रांडहोर्स्ट संग्रहालय रविवारी १ युरोत असतात. नवीन पिनाकोटेक नूतनीकरणासाठी बंद आहे, तिचं नाव यादीतून काढा. सोमवारी उलट: ही संग्रहालयं बंद, पण डॉइचेस म्युझियम सुरू. १९०३ साली स्थापन झालेलं, इझार नदीतल्या बेटावरचं हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय. मोठ्यांचं तिकीट १५ युरो आणि कुटुंबाचं ३१. मुलांसाठी एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील तर इथेच करा. बीएमडब्ल्यू वेल्ट, निम्फेनबुर्गची बाग, ऑलिंपिक पार्कमधली युद्धातल्या ढिगाऱ्यावर उभी केलेली टेकडी, यांना पैसे लागत नाहीत. डाखाऊचं छळछावणी स्मारकही विनामूल्य आहे, पण तेराच्या आतल्या मुलांना नेऊ नका.

खाण्याचं गणित शनिवारी ठरतं. सोमवार ते शनिवार दुकानं रात्री आठला बंद, रविवारी उघडतच नाहीत. अपवाद मुख्य स्टेशन, ओस्टबानहोफ स्टेशन आणि विमानतळावरची काही दुकानं. आल्डी, लिडल, पेनी या स्वस्त सुपरमार्केटांमध्ये तांदूळ, लाल मसूर डाळ, दही, बटाटे, अंडी सहज मिळतात. भारतातून गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे न्या. तूप, पेढे, पनीर आणि कुठलंही मांस न्यायला युरोपीय संघात बंदी आहे. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. बाळाची दूधपावडर दोन किलोपर्यंत नेता येते. छोटा कुकर नेणार असाल तर अपार्टमेंटची शेगडी इंडक्शन आहे का ते आधी विचारा, ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. आणि फोडणी देताना खिडकी उघडी, पंखा सुरू, तेल बेताचं गरम: छतावरचा धूरसूचक मोहरी-हिंगाला ओळखत नाही.

दुपारी बाहेर असाल तर बिअर गार्डन गाठा. तिथे घरचा डबा खायला परवानगी आहे, राज्याच्या १९९९च्या नियमाच्या स्पष्टीकरणातही तिचा उल्लेख आहे. टेबलक्लॉथ घातलेली टेबलं वेटरची, उघडी टेबलं डबेवाल्यांची. पेय मात्र तिथलंच घ्यायचं. मुलांना सफरचंदाच्या रसाचं सोडायुक्त आपफेलशोर्ले. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटल्या भरून घ्या. विकत घेतलेल्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटच्या यंत्रातून परत मिळते. बाटली चुरगळू नका, शिक्का वाचता आला नाही तर यंत्र ती परत ढकलतं.

एका बिलात ५० युरोंहून जास्त खरेदी असेल तर दुकानातून टॅक्स-फ्रीचा फॉर्म घ्या. वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर बॅग देऊन टाकण्याआधी कस्टम्सचा शिक्का घ्यावा लागतो, त्यासाठी तासभर जास्त ठेवा. विमानतळाला जाताना एस-१ धरलीत तर मागच्या डब्यांत बसा: नॉयफार्नला गाडी दुभंगते, पुढचे डबे फ्रायझिंगला जातात. एस-८ ला ही भानगड नाही. शनिवार-रविवारी मात्र शहराखालच्या बोगद्यात बरेचदा कामं चालू असतात, तेव्हा आदल्या रात्री ॲपवर मार्ग बघून ठेवा.