तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस गेल्यावर सावरायला किती दिवस लागतात?

‘आई जाऊन पाच महिने झाले, अजून रडू येतं, हे नॉर्मल आहे का?’ हा प्रश्न सतत येतो. हो, नॉर्मल आहे. रडणं सहसा आजाराचं लक्षण नसतं. गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखी वाटणं, पान वाचून काहीच न उमगणं, पहाटे चारला जाग येणं, हेही अनेकांना होतं.

नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार हे दुःखाचे पाच टप्पे आधी मनातून काढून टाका. 1969 साली मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. ‘मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का?’ असं लोक विचारतात तेव्हा वाईट वाटतं. दुःख लाटांनी येतं. सकाळी कोसळायचं आणि दुपारी विम्याचे कागद भरायचे, मध्येच खळखळून हसायचं, हीच त्याची निरोगी चाल. हसल्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

लाटा ओसरेनाशा झाल्या की मात्र सावध व्हायचं. नैराश्यात उदासी सगळ्यावरच पसरते आणि ‘मीच नालायक’ असं वाटू लागतं. प्रदीर्घ शोकविकारात ओढ त्या एका माणसाचीच असते. हा विकार म्हणायला अमेरिकी मनोविकार निकषांत मोठ्यांसाठी मृत्यूनंतर किमान 12 महिने धरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान 6. पण नुसत्या महिन्यांवर जाऊ नका. ती ओढ रोजची आहे का, मृत्यू अजून खराच वाटत नाही का, गेलेल्या माणसाची खोली टाळली जाते का, काम आणि नाती ठप्प झालीत का, हे बघा. नैराश्य आणि शोकविकार दोन्ही एकत्रही असू शकतात.

आणि जीव द्यायचा विचार येत असेल तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जवळच्यांनी सरळ विचारावं, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

झोपेसाठी दारू नको. तिने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. मदत करणाऱ्यांनी ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नये, कारण सांगायचंच बळ नसतं. ‘मंगळवारी सहाला येतो, बँकेचे अर्ज मिळून भरू,’ असं म्हणा. पहिल्या महिन्यात घर भरलेलं असतं, तिसऱ्यात कुणी फिरकत नाही. तेव्हा जा.

प्रदीर्घ शोकासाठी वेगळी उपचारपद्धत आहे, साधारण 16 बैठकांची. मृत्यूची हकिगत डोळे मिटून सांगायची, ती रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. टाळलेल्या जागी हळूहळू जायचं. ऐकायला निर्दय वाटतं, पण आठवण टाळत राहिल्यानेच ती इतकी बोचरी राहते. नैराश्याच्या गोळ्या नैराश्य हलकं करतात, ही ओढ कमी करण्यात त्यांचा फारसा उपयोग दिसलेला नाही. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘झोप येत नाही’ सांगू नका. कोण गेलं, कधी, आणि तेव्हापासून काय काय टाळताय, ते चार ओळींत लिहून न्या.