एवढंसं पोर घेऊन गावी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मला लिफ्टमध्ये नाहीतर बँकेच्या काउंटरवर विचारला जातो, आणि उत्तर सुरू करेपर्यंत मजला येतो किंवा पुढचं गिऱ्हाईक. प्रश्न असा: "एवढंसं पोर घेऊन ठाण्याहून पार देवगडला जाता? कसं जमतं हो?" सूर नीट ऐकलात तर कळतं, "कसं" हा नुसता वर लावलेला शब्द आहे. आत "कशाला" आहे. थोडी मोठी होऊ दे, मग न्या की.

आधी त्या "थोडी मोठी होऊ दे"बद्दल. लेक पहिल्यांदा गावी गेली ती जानेवारीत, चार महिन्यांची असताना. दुसऱ्यांदा मे महिन्यात, आठ महिन्यांची. दोन्ही प्रवास करून माझं मत पक्कं झालंय: न्यायचंच तर चार महिन्यांचं न्यावं. चार महिन्यांचं बाळ ठेवाल तिथे राहतं. त्याचं खाणं एकच आणि ते आईबरोबर आपोआप येतं. उकळायला नको, गाळायला नको, डब्यात भरायला नको. आईच्या दुधावरच्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीसुद्धा लागत नाही, अगदी उन्हाळ्यातही, त्यामुळे "गावचं पाणी बाधेल" हा शेजारच्या काकूंचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. साडेतीन महिन्यांची लस झाली, त्यानंतरचा ताप येऊन गेला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुशाल जा. (बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा छातीचं काही दुखणं असेल तर माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.) आठ महिन्यांचं बाळ मात्र रांगतं. स्लीपरच्या डब्यातली जमीन, तिच्यावरची शेंगांची टरफलं, समोरच्या आजोबांची चप्पल, यातलं काहीही तोंडात जाऊ शकतं. चप्पल गेली.

पहिल्या प्रवासाची सुरुवात मात्र बाळाने नाही, बाळाच्या बापाने बिघडवली. तुतारी एक्सप्रेस दादरहून सुटते रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे तिकीट दहा तारखेचं असेल तर नऊ तारखेला रात्री जेवून निघायचं. हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं सासूबाई म्हणतात. त्यांच्या मुलाला ठाऊक नव्हतं. आम्ही दहाच्या रात्री चार बॅगा, एक मच्छरदाणी आणि एक बाळ घेऊन ठाण्याच्या फलाटावर. शेजारच्या बाकावरच्या काकांनी "बघू" म्हणून सहज मोबाईलवरचं तिकीट बघितलं, चष्मा वर करून परत बघितलं आणि म्हणाले, "ही तुमची गाडी काल गेली. सावंतवाडीला पोचून परत निघालीसुद्धा असेल." रात्री एक वाजता रिक्षाने घरी. नवरा गप्प, मी त्याहून गप्प, आणि लेक टक्क जागी, रस्त्यावरच्या दिव्यांकडे बघून हसत होती. दोन दिवसांनी तत्काळमध्ये कोकणकन्येची तिकिटं मिळाली. प्रवासात काय काय बिघडतं असं विचारताना लोक बाळाकडे बघतात, म्हणून ही गोष्ट मी आवर्जून सांगते.

पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी वेगळा बर्थ मागितला नाही तर तिकीट लागत नाही. बिनतिकिटाच्या या प्रवाशाचं सामान मात्र सगळ्यांत जास्त. आम्ही खालचा बर्थ घेतला होता. लेक भिंतीकडे, मी बाहेरच्या बाजूला कुशीवर, रात्रभर एका हाताचा बांध घालून. मला धास्ती बोगद्यांची होती. कोकण रेल्वेवर नव्वदहून जास्त बोगदे आहेत आणि रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. आत शिरल्यावर आवाज दुप्पट होतो, कानात दडे बसतात. ही बया करबुड्यातून घोरत गेली. जागी व्हायची ती गाडी थांबली की! आणि ही लाइन बरीचशी एकेरी, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आडबाजूच्या स्टेशनात थांबावं लागतं. गाडी थांबली, डबा शांत झाला की ही डोळे उघडून रडायला तयार. म्हणजे क्रॉसिंग पडलं की आम्ही उभं राहून तिला हलवायचं आणि गाडी हलली की खाली ठेवायचं. पहाटेपर्यंत आमच्या डब्याला कोकण रेल्वेचं वेळापत्रक तिच्यावरून कळायला लागलं होतं.

पाजायचं कसं, हे बायका हळू आवाजात विचारतात. ओढणी असते, सवय होते. त्या रात्री समोरच्या बर्थवर कुडाळला उतरणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी काही न विचारता आपली चादर मधल्या बर्थच्या साखळीला खोचून पडदा केला आणि पडद्यापलीकडून चौकशी सुरू: चेडू की झील (मुलगी की मुलगा), माहेर कुठलं, नॉर्मल की सिझर, दूध पुरतं का. पडदा शरीरापुरता, प्रश्नांना नाही.

एसटीचं वेगळं. स्टँडांवर दूध पाजायला "हिरकणी कक्ष" असतो. नाव फार योग्य ठेवलंय. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री कडा उतरून गेली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते; पण छाती दुधाने दाटून दगड झाली की बाई कडा का उतरेल हे मला आत्ता कळलं. शाळेत ते कोणी सांगत नाही. तर परतीच्या वाटेवर एका स्टँडवर मी त्या खोलीत गेले. पंखा चालू, बाकडं स्वच्छ, आणि बाकड्यावर एक गृहस्थ मोबाईल चार्जिंगला लावून पेपर वाचत बसलेले. मी दारातच घुटमळले. मागून काकड्या विकणारी बाई टोपली घेऊन आत शिरली, "उठा बघू, हय काय तुमचा काम?" गृहस्थ चार्जर विसरून गेले. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, लेक फुकट, म्हणजे आमच्या घरात पूर्ण तिकिटाचा माणूस एकच. तो हे दर प्रवासात ऐकवतो.

सामानाबद्दल एकच सांगते: बाबागाडी नेऊ नका. आम्ही नेली. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत उतरायला चिऱ्याच्या ऐंशी-एक पायऱ्या आहेत. बाबागाडीत बाळ नाही, शेवटी नारळ वाहिले. उपयोगाला आल्या त्या दोन गोष्टी: आईची जुनी सुती साडी (झोळी, दुपटं, पडदा, वेळेला लंगोटसुद्धा) आणि छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी.

घरी पोचलो आणि पुढचे आठ दिवस बाळ माझ्या हातात फक्त भुकेच्या वेळी आलं. आजेसासूबाई, त्यांना मी आजीच म्हणते, न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसल्या आणि लेकीला पायांवर पालथी घेतली. मागीलदारी चुलीवर तापलेलं विहिरीचं पाणी, घरच्या खोबऱ्याचं तेल. ठाण्यात आंघोळीला दहा मिनिटं कोकलणारी माझी मुलगी त्या सुरकुतलेल्या पायांवर मुटकुळं करून पडली. आजींचं वय अठ्ठ्याऐंशी. मी जवळ उभी, पडेल म्हणून हात पुढे. "बाजूक हो गो," म्हणाल्या. मी झाले.

भांडण झालं ते मधावरून. घुटीसाठी सहाण धुऊन ठेवलेली, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा सगळं ताटलीत मांडलेलं, आणि शेजारी मधाची बाटली. बाळाला वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांच्या पोटात ती काही करत नाहीत, तान्ह्याच्या पोटात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. हे मी जमेल तसं सांगितलं. आजी म्हणाल्या, "तुझ्या डाक्टराक सांग, वाडीतली अर्धी पोरां मी न्हाणवलंय." दोन दिवस अबोला. सासूबाई दोघींच्या मध्ये. तिसऱ्या दिवशी तह झाला: आंघोळ त्यांची, मालिश त्यांची, गालावर तीट त्यांची; मध नाही, घुटी नाही, डोळ्यांत काजळ नाही, आणि धुरी द्यायची ती खोलीला, बाळाला नाही. बाटली फडताळात गेली. "वर्षाची होवंदे," एवढंच म्हणाल्या. ग्रामदेवतेपुढे लेकीला नेलं तेव्हा गाऱ्हाण्यातल्या "व्हय म्हाराजा"च्या गजराने ती एवढ्या जोरात दचकली की गुरवाने उरलेलं गाऱ्हाणं हळू आवाजात घातलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं म्हणतात.

मे महिन्याची खेप कठीण गेली, तेही सांगायला हवं. घाम, घामोळं, दुपारी वीज गायब. रांगणारं पोर आणि मे महिन्यातलं कोकणातलं खळं ही जोडी वाईट. फणसाच्या आठळ्या, आमसुलं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वाळत घातलेल्या काजूच्या बिया. त्यांच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, मोठ्यांचे ओठ सोलून निघतात. लेक पडवीतून उतरून त्या ढिगापर्यंत कधी पोचली ते मला कळलंच नाही. फुटकी बी तिच्या मुठीत होती, तोंडाजवळ. आजींना दोन हातांपलीकडचं नीट दिसत नाही, पण बिया खुळखुळल्या तो आवाज त्यांनी ऐकला आणि अशा ओरडल्या की पोरीच्या हातून बी सुटली. तळव्यावर लाल डाग चार दिवस होता. तेव्हापासून तिच्यासाठी एक माणूस नेमला, पाळीपाळीने, नाव घेऊन. "सगळे आहेत की बघायला" म्हणजे कोणीच बघत नसतं.

आणि एका रात्री ताप आला. एकशेदोन. फोनला रेंज नाही, लहान मुलांचे डॉक्टर कणकवलीला, तासाभराच्या वाटेवर. चुलत दिरांनी गाडी काढली. अंधारात ती वळणं, मागच्या सीटवर मी पाजायचा प्रयत्न करतेय आणि ती तोंड फिरवतेय. तेव्हा मला त्या लिफ्टमधल्या काकूंचं म्हणणं शब्दन् शब्द पटलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, साधा विषाणूचा ताप निघाला. वजनाप्रमाणे औषध, ओल्या फडक्याने अंग पुसा, पाजत राहा. औषध माझ्याकडे होतंच, वजनाचं प्रमाणही ठाण्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. पण तो कागद चौथ्या बॅगेत होता आणि घाबरल्यावर चौथी बॅग आठवत नाही. आता तो कागद पर्समध्ये असतो. कणकवलीच्या डॉक्टरांचा नंबर घरातल्या भिंतीवर खडूने लिहिलाय, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

आता "कशाला".

आजी ठाण्याला येत नाहीत. आमच्या लग्नाला आल्या होत्या, तिसऱ्या दिवशी परत गेल्या. सातव्या मजल्यावर पाय टेकायला माती नाही म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाहीत. बारशाचे फोटो पाठवले होते ते सासऱ्यांनी त्यांच्यापुढे धरले, तर म्हणाल्या, काचेवर काय दिसतं मला. व्हिडिओ कॉलचं तेच. म्हणजे या बाईला पणती दाखवायची तर ती उचलून तिच्या हातात नेऊन द्यायला लागते, दुसरा मार्ग नाही. जानेवारीत आम्ही पायऱ्या उतरून आलो, तेव्हा त्या पडवीत बसूनच होत्या. लेकीला मांडीवर घेतलं आणि बोटांनी चाचपत गेल्या: टाळू, कान, हनुवटी, पायाची बोटं मोजून. नाकावर थांबल्या. "नाक आमचाच आसा." माझ्या आईचं म्हणणं नाक आमच्याकडचं आहे, पण तिने ते फक्त डोळ्यांनी बघितलंय.

आता गणपतीला जायचंय. रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं आणि चतुर्थीच्या आसपासच्या गाड्या उघडताक्षणी भरतात. आम्हाला तुतारीचंच मिळालंय, वेटिंग एकवीस. तारीख नवऱ्याने तपासली, मी तपासली, मग सासूबाईंनी कालनिर्णयावर आदल्या रात्रीच्या चौकोनात लाल पेनने गाडी काढली, चाकांसकट. लेक तेव्हा वर्षाची झालेली असेल, चतुर्थीच्या आठवडाभर आधीच. काल फोनवर आजींनी नेमकी तारीख विचारून घेतली. बाटली अजून फडताळातच आहे, म्हणाल्या, झाकण घट्ट लावून ठेवलंय.