उडता न येणारा पहिला नंबर

"मामा, तुमच्या पयल्या नंबरवाल्याले तं उडताच येत नाही!"

कापसाच्या गंजीवर लोळत भाच्यानं आज हे सुनावलं, अन् दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

त्याची आवडत्या सुपरहिरोंची यादी थॉरपासून सुरू होते, माझी कॉमिक्सच्या पुस्तकांतल्या सुपर कमांडो ध्रुवपासून. सर्कशीत वाढलेला, तिथल्याच आगीत आईबाप गमावलेला पोरगा. राज कॉमिक्सनं १९८७ मध्ये आणला. अंगात कुठलीच दैवी शक्ती नाही. तल्लख डोकं, कसरतीचं शरीर, पशुपक्ष्यांशी बोलणं आणि मोटरसायकल, बस्स.

दुसरा वेताळ, म्हणजे फँटम, तोही माणूसच. तिसरा सापांची शक्ती असलेला नागराज.

चौथा बहादूर. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये इंद्रजाल कॉमिक्ससाठी घडवलेला. बाप डाकू, आणि हा डाकूंशी लढायला गावकऱ्यांचंच दल उभं करतो! खरं तर त्याला अजून वर ठेवायला हवं.

एस.टी. स्टँडवर भाड्यानं आणलेली ती पुस्तकं वाचताना मला उडावंसं कधी वाटलंच नाही. ध्रुवसारखं डोकं चालवावं वाटायचं, आणि ते आपल्याला जमेल असंही वाटायचं. आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांसाठी हे फार मोठं होतं.

बहादूर आठवतो का कुणाला? तुम्ही त्याला कितवा नंबर द्याल?