बार्बेक्यूला जाऊन पोटभर व्हेज जेवणं: माझा अनुभव

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की बार्बेक्यूची आमंत्रणं सुरू होतात आणि आमच्यासारख्यांपुढे एकच प्रश्न, तिथे जाऊन खायचं काय. मी जन्मापासून शाकाहारी, आता काही वर्षं दूध-तूपही बंद केलंय, आणि नवरा सगळं खाणारा, त्यामुळे "आपण नकोच जायला" हे घरात चालत नाही. बरेच जण सल्ला देतात की घरून जेवूनच जा. मला तो कधीच पटला नाही, कारण सगळे जेवतायत आणि आपण ग्लास घेऊन बसलोय हे बघून बोलावणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

मी आता जाण्याआधी फोन करते, पण "व्हेज काय असेल?" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सॅलड हेच येतं. मी विचारते की ग्रिल कोळशाचा आहे की गॅसचा, आणि जाळी तापल्यावर पहिली पंधरा मिनिटं मला देता का, माझा माल मी घेऊन येते. यात समोरच्याचं काहीच जात नाही, त्यामुळे अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. माझा तर सगळा भरवसा या पहिल्या नंबरावरच आहे. एकदा जाळीवर चरबी गळायला लागली की मग आपली ढोबळी मिरची कितीही प्रेमाने कोपऱ्यात ठेवली तरी तिला तो वास लागतोच.

कोळशाच्या ग्रिलला पेटवल्यापासून साधारण 20 ते 30 मिनिटं लागतात, निखाऱ्यांवर राखेचा पांढरट थर आला की तयार. मग जाळी चांगली कडक तापू द्यायची, तारेच्या ब्रशने आधीचं चिकटलेलं घासून काढायचं (ब्रशची तार तुटून जाळीला राहत नाही ना ते बघायचं, हे खरंच होतं), तेलाचा हात फिरवायचा आणि लगेच आपलं लावायचं. भाज्या पटापट होतात. झाल्या की फॉइलमध्ये गुंडाळून कडेला ठेवून द्यायच्या, सगळ्यांचं होईपर्यंत गरम राहतात. आणि पोचेपर्यंत चिकन चढलेलंच असेल तर? त्यासाठी मी गाडीत बिडाचा तवा ठेवते, तो सरळ जाळीवर ठेवायचा. फॉइल अंथरूनही काम भागतं पण तव्यावर जो खरपूसपणा येतो तो फॉइलवर येत नाही. चिमटा आणि ताट आपलंच न्यायचं. आणि हे फक्त व्हेजवाल्यांसाठी नाही हं, कच्च्या चिकनचा चिमटा शिजलेल्या कशालाच लावू नये, ज्या ताटातून कच्चं आणलं त्यातच शिजलेलं परत काढू नये, पण गप्पांच्या नादात लोक सर्रास करतात.

आता न्यायचं काय. सॅलड नेऊ नका, सॅलड सगळेच आणतात, तुम्ही जेवणातला मुख्य पदार्थ न्या. घरच्या राजमा-ओट्सच्या पॅटी मस्त लागतात पण जाळीवर फुटतात, कारण मांसाच्या खिम्यासारखं त्यांना धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून राजमा चांगला कोरडा करायचा, पॅटी थापून फ्रीजरमध्ये कडक करायच्या आणि एक बाजू नीट भाजल्याशिवाय उलटायच्याच नाहीत. टोफू घट्टवाला घेऊन वजनाखाली दाबून पाणी काढलं तरच मसाला आत शिरतो. गोड बार्बेक्यू सॉस अगदी शेवटी लावायचा, आधी लावला तर साखर जळते आणि सगळं कडू होतं. रताळं आधी अर्धवट उकडून न्यायचं, लाकडी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवायच्या. मोठे पोर्टोबेलो मशरूम आणि मक्याची कणसं यांना मात्र काहीच करावं लागत नाही, आळशी दिवशी मी तेवढंच नेते.

मांसासारख्या लागणाऱ्या विकतच्या व्हेज पॅटींचं वेगळंच. बियॉन्ड बर्गर आणि इम्पॉसिबल बर्गर दोन्ही 2016 मध्ये आले, पहिला वाटाण्याच्या प्रोटीनचा, दुसरा सोयाचा आणि त्यात यीस्टपासून बनवलेलं हीम (रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त घटक) असतं ज्यामुळे तो मांसासारखा लालसर दिसतो. नवऱ्याला आवडतात. मला ते बघून कसंतरीच होतं, ज्याने आयुष्यात मटण खाल्लं नाही त्याला मटणाच्या चवीचं कसलं कौतुक! शिवाय ग्रिलवर कुठली कोणाची ते ओळखू येत नाही, म्हणून त्या न्यायच्याच असतील तर आपल्या तव्यावरच ठेवा.

खरी गंमत टेबलावरच्या साध्या दिसणाऱ्या पदार्थांत असते. बेक्ड बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराचं मांस, वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही म्हणजे मासे, सीझर ड्रेसिंगमध्येही तेच, बटाट्याच्या सॅलडमध्ये आणि कोलस्लॉमध्ये (कोबीचं सॅलड) मेयो म्हणजे अंडं आलंच, बनमध्ये दूध किंवा वरून अंड्याचा हात. डबा किंवा बाटली समोर असेल तर मी गुपचूप उलटून वाचते, नसेल तर बनवणाऱ्यालाच विचारते, लोक न चिडता सांगतात. मेयोचे आणि शिजलेले पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिले असतील, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, तर ते व्हेज असले तरी मी हात लावत नाही.

आणि भरपूर न्या! आपल्यापुरतं नेलं तर संपलंच समजा, कारण मांस खाणारेच "जरा चव बघू" करत अर्धं संपवतात, आणि आपण मागे वळेपर्यंत ताटात एक मिरची उरलेली असते. मी आता सगळ्यात आधी माझं ताट वाढून घेते, त्यात लाज कसली. मग "प्रोटीन कुठून मिळतं तुला" वगैरे येतंच, तेव्हा तोंडात टोफू असला की उत्तर द्यावं लागत नाही.

शेवटी मुलं निखाऱ्यांवर मार्शमेलो भाजायला बसतात, त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं. जिलेटिन नसलेलेही मिळतात, पण मी अननसाच्या जाड चकत्या नेते आणि उरलेल्या आचेवर तव्यात दोन्ही बाजूंनी भाजते, वरून काही घालायची गरज पडत नाही. कोणी डार्क चॉकलेट पुढे केलं तर पाकीट वाचून घ्या, डार्क लिहिलंय म्हणजे दूध नाहीच असं नसतं.