राखदाणी असलेली शर्यतीची गाडी

परभणीत आमच्या दारात कोणी नवी गाडी आणून उभी केली की काका इंजिनाची चौकशी करत नाहीत. ते सरळ मागे जाऊन डिकी उघडायला लावतात आणि ज्वारीचे पोते आडवे बसेल की उभे, याचा अंदाज घेतात. त्यांच्या या कसोटीमुळेच फोर्डच्या जीटी४० मार्क थ्री या दुर्मीळ गाडीविषयी मला आपुलकी वाटते.

१९६३ मध्ये फेरारी कंपनी विकत घेण्याचा फोर्डचा बेत एन्झो फेरारी यांनी ऐनवेळी मोडला आणि त्या रागातून जीटी४० जन्मली. नावातले ४० म्हणजे तिची इंचांतली उंची, माझ्या कमरेला जेमतेम लागेल एवढी. १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षे तिने फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. अशा गाडीला घरगुती करणे म्हणजे शंकरपटातला खोंड मोंढ्याला निघालेल्या बैलगाडीला जुंपण्यासारखेच होते. मार्क थ्री ही तीच घरगुती, रस्त्यावर चालवायची आवृत्ती; त्यासाठी ४.७ लिटरच्या इंजिनाची ताकद ३०६ अश्वशक्तीपर्यंत उतरवली, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मऊ केले, चालकाच्या उजव्या हाताला असलेला गिअरचा दांडा मध्ये आणला, पुढे चार दिवे बसवले, सामान ठेवता यावे म्हणून मागचा भाग वाढवला आणि आत एक राखदाणी दिली. ही राखदाणी मला फार आवडते. ताशी तीनशे किलोमीटरच्या घराण्यातल्या गाडीत कोणी निवांत सिगारेट ओढेल, हे कुणाला तरी गंभीरपणे सुचले होते.

इतके करूनही अशा गाड्या बनल्या सातच. त्यांतली एक ऑस्ट्रियात, बर्लिन फिलहार्मोनिक या विख्यात वाद्यवृंदाचे संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांच्याकडे गेली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आम्हाला बर्लिनचे एवढे नाते पुरेसे आहे.

काकांना मी तिचे छायाचित्र दाखवले. त्यांनी जमिनीपासून कमरेपर्यंत हाताने माप घेतले, आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या गतिरोधकाकडे एकदा पाहिले आणि विचारले, “अन् पोतं?” मी वाढवलेल्या मागच्या भागावर बोट ठेवले. ते बराच वेळ निरखून म्हणाले, “पीठ दळून आणायपुरती ठीक आहे.”