अजगराला लागणारी ऊब आणि खानदेशचे ऊन

अजगर पाळण्याविषयी मला विचारणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: तो खातो काय आणि किती? जळगाव, भुसावळ, शहादा अशा गावांतून मोबाइलवर परदेशी संग्राहकांचे व्हिडिओ पाहून ही उत्सुकता जागी होते, आणि मला ती मनापासून आवडते, कारण साप दिसला की काठी शोधणाऱ्या पिढीनंतर साप दिसला की थांबून न्याहाळणारी पिढी आपल्याकडे आली आहे. पण अजगराच्या बाबतीत खाण्याचा प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न तापमानाचा आहे, आणि तो कळल्याशिवाय अजगराचे खाणे, हाताळणे, त्याची वीण यांतले काहीच कळत नाही.

त्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट करतो. भारतात आढळणारे तिन्ही अजगर, म्हणजे आपला भारतीय अजगर, ईशान्येकडचा बर्मी अजगर आणि निकोबारमधला जाळीदार अजगर, वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. त्यांना पकडणे, पाळणे किंवा विकणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या आफ्रिकी जातीसाठी केंद्र सरकारने 2024 मध्ये नोंदणीचे नियम लागू केले असून जवळचा प्राणी, त्याची वीण आणि हस्तांतर यांची नोंद करणे बंधनकारक आहे. म्हणजेच ज्याला आपण मोठा अजगर म्हणतो तो खानदेशातल्या घरात ठेवण्याचा कायदेशीर मार्ग नाही. तरीही जगभरच्या पाळणाऱ्यांनी जमवलेले ज्ञान आपल्याला हवे, कारण यावल-रावेरच्या केळीबागांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर आणि चाळीसगावच्या पाटणादेवी परिसरात अजगर आपल्या शेजारीच राहतो.

बंदिवासातला अजगर नीट ठेवायचा तर त्याच्या पेटीला दोन टोके लागतात: एक 31 ते 33 अंशांचे उबदार आणि दुसरे 25 ते 27 अंशांचे थंड. अजगर आपल्या गरजेप्रमाणे या दोन टोकांमध्ये सरकत राहतो, आणि ही निवड त्याच्याकडे असणे हाच त्याच्या संगोपनाचा पाया आहे. तापमान आवरणारा थर्मोस्टॅट न लावलेल्या हीट मॅटवर, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईवर, पोटाखालची कातडी भाजते, तरी अजगर कित्येकदा तिथून हलत नाही. उलट पेटी सतत थंड व ओली राहिली तर खवले सडतात, श्वसनमार्गाचा संसर्ग होतो आणि तोंडाशी फेस दिसू लागतो. परदेशातले पाळणारे ही ऊब निर्माण करण्यासाठी झटतात. आपल्याकडे अडचण उलटी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो, दुपारी वीज जाते, कूलर बंद पडतो आणि पत्र्याच्या छताखालची काचेची पेटी भट्टी होते. चाळिशीच्या पुढच्या तापमानात पळून जायला जागा नसलेला अजगर काही तासांत मरतो. रानातला अजगर मात्र याच उन्हाळ्यात तगतो, कारण त्याच्याकडे साळिंदराचे बीळ असते, नाल्यातला डोह असतो आणि ठिबकच्या पाण्याने ओली राहिलेली केळीची बाग असते. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात अजगर हिवाळाभर साळिंदरांच्या बिळांत राहून दुपारी उन्हाला बाहेर येतात, हे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. धुळ्याच्या थंडीतही अजगराला नेमके तेच हवे असते.

खाण्याचा प्रश्न आता घेता येईल. पूर्ण वाढलेल्या अजगराला तीन-चार आठवड्यांतून एकदा, त्याच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढे भक्ष्य पुरते. पण ते पचवण्यासाठी त्याच्या शरीरात जे घडते ते विलक्षण आहे. बर्मी अजगरावरच्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मोठे जेवण झाल्यावर 48 तासांत त्याच्या हृदयाच्या जवनिकेचे, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचे, वजन 40 टक्क्यांनी वाढते. आतड्याचे अस्तर जाड होते, यकृत व मूत्रपिंडे वाढतात आणि पचन संपले की सर्व काही पूर्ववत होते. हे काम उबेवर चालते. पोटात भक्ष्य असताना ऊब मिळाली नाही, तर ते आतच सडू लागते आणि अजगराला ते ओकावे लागते.

यावल तालुक्यातल्या एका वस्तीवर खुराड्यात शिरलेला अजगर मला असाच, पोटात भक्ष्य असताना, दिसला. दोन कोंबड्या गिळल्यामुळे आत आलेल्या फटीतून त्याला बाहेर पडता येत नव्हते, आणि तो कोपऱ्यात वेटोळे घालून पडला होता. ताणलेल्या खवल्यांच्या मधून फिकट कातडी दिसत होती. एक पोरगा माझ्या पाठीमागून पुन्हा पुन्हा विचारत होता, ‘‘दादा, हाऊ चावस का?’’ बाहेर गळ्यात अजगर घेऊन फोटो काढायला उत्सुक मंडळी जमली होती. मी त्यांना हात जोडून लांब उभे केले, खुराड्यावर ओले पोते टाकले, आणि वनरक्षक आल्यावर आम्ही त्याला शक्य तितके कमी हलवून मोठ्या पिशवीत सरकू दिले. खाल्लेल्या अजगराला उचलले, ताणले, हातोहात फिरवले की तो घाबरून सगळे ओकतो. ओकताना पोटातली आम्ले अन्ननलिका जाळतात, आठवड्यांची मेहनत वाया जाते, आणि अशक्त प्राणी पुढे दगावूही शकतो. अजगराबरोबरचे ते फोटो पाहून मला म्हणूनच फार वाईट वाटते.

हाताळण्याचे नियम पाळणाऱ्यांनी अनुभवातून बसवलेले आहेत आणि ते रानातल्या अजगरालाही लागू पडतात. दोन-अडीच मीटरच्या पुढचा अजगर एकट्याने कधीही हाताळू नये. साधारण दीड मीटर लांबीमागे एक माणूस असावा. हाताला उंदराचा किंवा कोंबडीचा वास नसावा, कारण अजगर जिभेने वास टिपतो आणि ओठांवरच्या खाचांनी शरीराची उष्णता ओळखतो. वास आणि उष्णता एकत्र आली की तो हातालाच भक्ष्य समजतो. म्हणून पाळणारे पेटी उघडल्यावर आधी हुकने त्याच्या अंगाला हलका स्पर्श करतात आणि ही जेवणाची वेळ नाही एवढे त्याला कळू देतात. शरीराला दोन-तीन ठिकाणी खालून आधार द्यावा, मान आवळू नये आणि गळ्याभोवती तर कधीच घेऊ नये. अजगर बिनविषारी असला तरी त्याचे दात आत वळलेले असतात, त्यामुळे चावल्यावर हात ओढला तर जखम फाटते. दातांच्या वळणाकडे लक्ष ठेवून डोके किंचित पुढे ढकलत सोडवावे लागते. वेटोळे सोडवायचे तर शेपटीकडून सुरुवात करावी, कारण जोर कमी असतो तो तिथे.

विणीबद्दल मी सगळ्यांत जास्त बोलतो, कारण उबेची गोष्ट तिथे परमोच्च टोकाला जाते. बंदिवासात नोव्हेंबरपासून रात्रीचे तापमान काही अंशांनी उतरवले की नर-मादी मीलनाला तयार होतात. मादी मात्र अंगाने चांगली भरलेली हवी, कारण पुढचे अनेक आठवडे ती जवळजवळ काहीच खात नाही. अंडी घालण्यापूर्वी ती एकदा कात टाकते. पांढरी, चामड्यासारख्या कवचाची अंडी एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि ती त्याभोवती वेटोळे घालून बसते. कृत्रिम उबवणीत 31-32 अंश तापमान व भरपूर आर्द्रता सांभाळावी लागते आणि अंडे जसे पडले तसेच ठेवावे लागते, कारण गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो. अंडे उलटे झाले तर तो मरतो.

भारतात फिरलेला लामार-पिको हा फ्रेंच निसर्ग-संग्राहक 1830 च्या दशकात अजगराची मादी अंडी उबवते असे सांगू लागला, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी त्याचे म्हणणे फेटाळले. पुढे 1841 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेंसिएन यांनी पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात वेटोळ्यातले तापमान मोजले आणि ते आसपासच्या हवेपेक्षा जास्त निघाले. 1966 मध्ये न्यूयॉर्कमधल्या बर्मी मादीवर झालेल्या अभ्यासातून कारणही कळले: बाहेरचे तापमान 33 अंशांच्या खाली गेले की मादी स्नायूंना ठराविक लयीत झटके देते आणि शरीर आसपासच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंशांपर्यंत उबदार ठेवते. ज्याला आपण थंड रक्ताचा प्राणी म्हणतो, तो अंड्यांसाठी स्वतःची ऊब निर्माण करतो, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ दुसरे काही वाचू शकलो नाही.

आपल्याकडे मादी उन्हाळ्यात अंडी घालते आणि त्याच दिवसांत बांध साफ करायला जेसीबी शेतात येतो. तापीकाठच्या एका शेतात पालापाचोळ्याखाली वेटोळे दिसल्यावर त्या शेतकरी आबांनी काम थांबवले आणि मला बोलावले. मी त्यांना विनंती केली की मादीला हलवू नये, अंडी उचलू नयेत, दिसल्याची कुजबुज गावात पसरू देऊ नये आणि वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. सुमारे दोन महिने लागतील हे ऐकून ते म्हणाले, ‘‘तेवढा बांध राहू दे तसाच.’’ वनकर्मचारी अधूनमधून लांबून पाहून जात. पिल्ले नाकाजवळच्या अंडदाताने कवच चिरतात, पण डोके बाहेर काढूनही एक-दोन दिवस आत बसून उरलेला बलक शोषतात. तेवढ्यासाठीही कोणी कवच फाडू नये, ही सूचना आम्ही आबांच्या नातवंडांनाही दिली. पिल्ले निघून गेल्यावर मादीही गेली. आबांनी बांध पावसाळ्यानंतर हातानेच साफ केला.