पाच राउंड आणि एक वाळलेला मार्कर

सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या नोकरीसाठी मुलाखत होती. फोनवरच्या राउंडनंतर दहा दिवसांनी बोलावणं आलं. प्रत्यक्ष ऑफिसात, एकाच दिवसात पाच राउंड, प्रत्येकी ४५ मिनिटं. तिकीट आणि हॉटेल कंपनीचं. रिक्रूटरने सकाळचं पहिलं विमान सुचवलं होतं, मी हट्टाने आदल्या दुपारचं मागितलं. ते अडीच तास उशिरा सुटलं, पण रात्री झोप तरी मिळाली. तारीख बदलून मागणं, आधी जाणं, दोन राउंडमध्ये दहा मिनिटांची सुट्टी घेणं यातलं काहीही विचारल्याने गुण कापले जात नाहीत. बिनधास्त विचारा.

रिसेप्शनला वीस मिनिटं धरून चला. ओळखपत्र, फोटो, व्हिजिटर बॅज, मग गोपनीयतेचा करार. त्यावर सही केली आहे, त्यामुळे खरे प्रश्न इथे सांगणार नाही. त्याच घराण्यातले, सरावाच्या प्रत्येक यादीत सापडणारे सांगते.

पहिला राउंड मी जवळजवळ घालवलाच. समजा प्रश्न असा: वेळांचे बरेच तुकडे दिलेत, एकमेकांवर चढलेले जोडून टाका. उत्तर मला दिसलं होतं. सुरुवातीच्या वेळेनुसार सॉर्ट करायचं, म्हणजे क्रमाने लावायचं, आणि एका फेरीत जोडत जायचं. दिसलं म्हणून मी बोर्डाकडे वळले आणि पाठमोरी लिहीत सुटले. पहिला मार्कर वाळलेला निघाला, दुसरा जाड टोकाचा, अक्षर ओळीगणिक मोठं होत खाली घसरायला लागलं. मागे मुलाखत घेणारे लॅपटॉपवर टाइप करत होते, तो आवाज मध्येच थांबला. "काय विचार चाललाय?" त्यांनी विचारलं. "झालंच," मी म्हणाले. यापेक्षा वाईट उत्तर शोधून सापडणार नाही.

झालं नव्हतंच. त्यांनी दोन तुकडे दिले: १ ते १० आणि २ ते ३. माझ्या कोडने उत्तर काढलं १ ते ३. दुसरा तुकडा पहिल्याच्या पोटात असू शकतो हे मी धरलंच नव्हतं. दोन्ही शेवटांपैकी मोठा घ्यायचा, तर मी डोळे झाकून दुसऱ्याचा घेतला होता. एका शब्दाची दुरुस्ती, पण चूक त्यांनी काढली, मी नाही. फरक तिथेच पडतो.

मधल्या सुट्टीत रिक्रूटरला सहज विचारलं की मुलाखत घेणारे इतकं काय टाइप करतात. ती म्हणाली, उमेदवार काय बोलतो त्याच्या नोंदी. निर्णय घेणाऱ्यांपैकी बरेच जण त्या खोलीत नसतात, त्यांच्यापुढे असतो तो हा मजकूर. म्हणजे मी मनातल्या मनात दोन पर्याय तोलून एक टाकून दिला, तर कागदावर तो विचार झालाच नाही! हे मला तीन महिन्यांच्या तयारीत कळलं नव्हतं, कारण तयारी मी एकटीने, गप्प बसून केली होती. तुम्ही शेवटचे दोन आठवडे तरी कुणाला तरी समोर बसवा. त्याला कोडिंग येत नसलं तरी चालेल.

दुसऱ्या राउंडपासून मी ठरवून बडबड केली. आधी विचारायचं की इनपुट किती मोठं. एक लाख नोंदी असतील, तर प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना म्हणजे १,००० कोटी पायऱ्या, ते जमणार नाही. सॉर्ट केलं तर साधारण १७ लाखांत भागतं. हे हिशेब मोठ्याने करायचे. मग लिहायचं, आणि "झालं" म्हणायच्या आधी स्वतःच तिरपी उदाहरणं चालवून बघायची: रिकामी यादी, एकच घटक, सगळे सारखे. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधताना, मधला बिंदू काढताना दोन टोकांची बेरीज करून अर्धी करू नका, खालच्या टोकात अंतराचं अर्ध मिळवा. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायचा प्रकार) २,१४,७४,८३,६४७ च्या वर बेरीज गेली की ती ऋण होते. लाजण्याचं कारण नाही, खुद्द जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत (सोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये) ही चूक नऊएक वर्षं होती, तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली त्यावर लिहिलं.

तिसऱ्या राउंडबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बरा गेला.

चौथा सिस्टिम डिझाइनचा, म्हणजे अख्खी सेवा कशी उभारायची याचा, आणि अनुभवी लोकांची लेव्हल (कंपनीतली श्रेणी) बरीचशी इथेच ठरते. लांब लिंक छोटी करून देणारी सेवा घ्या. मोठी-लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून ६२ चिन्हं. सात चिन्हांत सुमारे साडेतीन लाख कोटी लिंक बसतात, म्हणजे जागेची चिंता नाही. दिवसाला १० कोटी भेटी धरल्या तर सेकंदाला सरासरी ११५७. इथवर मी मजेत होते. मग प्रश्न आला: रीडायरेक्टला, म्हणजे छोट्या लिंकवरून मूळ पत्त्यावर पाठवताना, ब्राउझरला ३०१ हा कोड पाठवाल की ३०२? मी ३०१ म्हणून पुढे गेले. ३०२ म्हणजे तात्पुरता रीडायरेक्ट, ३०१ म्हणजे कायमचा. ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो, मग पुढच्या भेटी आपल्या सर्व्हरपर्यंत येतच नाहीत आणि क्लिकची मोजदाद कोलमडते. ती मोजदाद हवी, हे मीच सुरुवातीला फळ्यावर लिहिलं होतं. चौकोन आणि बाण कमी काढा, आपणच लिहिलेल्या अपेक्षांकडे परत परत बघा.

शेवटचा राउंड स्वभावाचा म्हणतात तो. सहकाऱ्याशी मतभेद, फसलेलं काम वगैरे. मी प्रत्येक गोष्ट "आम्ही" करून सांगत होते. तिसऱ्या गोष्टीला मुलाखत घेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "टीम छान आहे तुमची. तुम्ही काय केलंत?" पाच-सहा प्रसंग आकड्यांसकट लिहून न्या, आणि त्यात "मी" कुठे आहे ते अधोरेखित करा.

बाराव्या दिवशी फोन आला. ऑफर आहे, पण मागितलेल्यापेक्षा एक लेव्हल खाली, डिझाइनच्या राउंडमुळे. त्याच फोनवर त्यांनी पगाराची अपेक्षा विचारली. मी आकडा सांगितला नाही. सगळं लिखित पाठवा, असं मी म्हणाले आणि वाचायला चार दिवस मागितले. ते लगेच मिळाले.